बारा फुटांखालचा ऋतू

"तुमचा विश्वास बसायचा नाही," भालचंद्रराव हरकरे म्हणाले, "आणि बसला तर मलाच वाईट वाटेल. ज्या गोष्टीवर चारचौघांचा विश्वास बसेल अशी गोष्ट मी आजवर सांगितलेली नाही. पण सांगतो. याच अंगणात आम्ही बारा फूट खाली गेलो, आणि तिथे एक भिश्ती झोपला होता."

सोफ्यावर बसलेल्या सायलीने तोंडाशी नेलेला पाण्याचा पेला तसाच धरला.

"भिश्ती?"

"भिश्ती. पखालवाला. भोपाळच्या बेगमांच्या जमान्यातला असणार, कारण बूट फार चांगले होते. उशाला पखाल, अंगावर रजाई, घोरतोय. वर जेठ महिना, डांबर वितळून चपलांना लागतंय, आणि हा खाली रजाई घेऊन! मी वाकून अस्सल भोपाळीत हाक मारली, को खां, इथे काय करताय? तर डोळे न उघडता म्हणतो, 'मियाँ, पहले ढक्कन बंद करो, ठंड आ रही है.'"

सायली हसली. तिच्या शेजारी बसलेला तिचा नवरा, शैलेंद्र, तोही हसला, पण त्याची नजर भालचंद्ररावांवर नव्हती. समोरच्या भिंतीत बसवलेल्या लोखंडी जाळीवर होती. जाळीमागे एका ट्रकचा जुना रेडिएटर होता आणि त्याच्या पाठीमागे एक पंखा मंद फिरत होता.

स्वयंपाकघराच्या दारातून मंजूषा म्हणाली, "बाबा, सकाळी काय ठरलं होतं आपलं?"

"भिश्तीचं कुठे ठरलं होतं? मोराचं ठरलं होतं. मोर मी काढलाच नाही."

"मोराचं काय?" सायलीने विचारलं.

"नाही नाही. शब्द दिलाय लेकीला."

शब्द खरंच दिला होता. सकाळी मंजूषाने चहाचा कप पुढे ठेवताना स्पष्ट सांगितलं होतं: आज जी माणसं येताहेत ती घर बघायला येताहेत, गप्पा ऐकायला नाही. मशीनबद्दल जे खरं आहे तेवढंच सांगा. भालचंद्ररावांनी मान डोलावली होती. मंजूषा नागपूरहून त्यांना न्यायला आली होती. पाऊस लागायच्या आत इंद्रपुरीतलं हे घर विकायचं आणि बाबांना नागपूरला आपल्याजवळ ठेवायचं, एवढाच तिचा बेत. घर कोण घेतं याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं.

भालचंद्ररावांना होतं. एक बिल्डर दोनदा येऊन गेला होता. दुसऱ्यांदा आला तो टेप घेऊन. घराकडे त्याने मान वर करूनही पाहिलं नाही, फाटकापासून पायऱ्यांपर्यंत अंगण मोजलं, बूट आपटून जमीन पाहिली आणि म्हणाला, "अंकल, नीचे पार्किंग, ऊपर चार मंज़िल." त्या दिवशी भालचंद्ररावांनी त्याला एकही थाप मारली नाही. ना भिश्ती, ना मोर. गप्प बसून राहिले. मंजूषाने आपल्या बापाला पाहुण्यापुढे गप्प बसलेलं जन्मात पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिलाच धडकी भरली. रात्रीच्या जेवणाला ते एवढंच म्हणाले होते, "घर कुणालाही दे, मंजू. पण अंगण खणणाऱ्याला देऊ नको."

आणि आज ही जोडी आली होती. पुण्याहून बदली होऊन आलेला शैलेंद्र, सरकारी कंपनीत इंजिनियर. सायली शाळेत नोकरी शोधत होती. त्यांना अंगण हवं होतं ते अंगण म्हणून. शैलेंद्रच्या आईला दमा, तिला पुण्यात एकटं ठेवणं जिवावर येत होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं, इंद्रपुरीत एका हरकऱ्यांचं घर आहे, तिथे कूलर नाही आणि एसीही नाही, तरी मे महिन्यात माणूस बसू शकतो.

"खरंच थंड आहे हो," सायली म्हणाली. "बाहेरून आलो तेव्हा वाटलं आत एसी असेल. पण एसीसारखं नाहीये. एसीत कसं अंगावर येतं ना ते."

"वीस डिग्री!" भालचंद्रराव म्हणाले.

शैलेंद्र उठून भिंतीवरच्या थर्मामीटरपाशी गेला. "तीस आहे, काका."

"तो थर्मामीटर मराठी माणसाचा आहे. सुख असलं तरी कबूल करायची त्याला सवय नाही."

"पण तीस म्हणजेसुद्धा कमाल आहे," शैलेंद्र म्हणाला. "बाहेर चव्वेचाळीस असेल. नळ्या कुठून येतात?"

हा प्रश्न आला आणि भालचंद्ररावांचा चेहरा उजळला. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. जाळीखाली दोन काळ्या नळ्या भिंतीतून बाहेर आल्या होत्या. त्यांनी शैलेंद्रचा हात धरून एकीवर ठेवला, मग दुसरीवर.

"ही खालून वर येणारी. ही वरून खाली जाणारी. सांग फरक."

"ही जरा गार आहे. आणि ही, हो, ही कोमट."

"झालं. एवढंच मशीन. बाकीचं सगळं लोखंड." त्यांनी रेडिएटरवर चापट मारली. "हा कबाडखान्यातून आणलेला. ट्रकमध्ये होता तेव्हा इंजिनाचा ताप बाहेर फेकायचा, आता या खोलीचा ताप पाण्याला देतो. पाणी तो ताप घेऊन खाली जातं, मातीच्या हवाली करतं, हात झटकून परत येतं. दिवसभर एवढीच ये-जा. एक छोटा पंप आणि एक पंखा. बल्बाएवढी वीज."

"दोन बल्ब," मंजूषा आतून म्हणाली.

"दोन बल्ब."

सायलीला काही नीट कळेना. "पण काका, जमिनीत तर गरम असतं ना? आम्ही लहानपणी वज्रेश्वरीला गेलो होतो. कुंडात पाय घालवत नव्हता."

"तशी आपल्याकडेही आहेत की. पिपरियाकडे अनहोनीला जा, पाणी चटके देतं. ती फार खालची आग, पोरी. पृथ्वीच्या पोटातली. जिथे ती वर येते तिथे लोक वाफ काढतात, वीज करतात, अख्खी गावं उबदार ठेवतात. तिकडे माझी पोच नाही. मी आपला वरच्या मजल्यावरचा माणूस. बारा फूट."

आणि मग भालचंद्ररावांनी ती गोष्ट सांगितली, जिच्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ती सांगताना त्यांचा आवाज आपोआप उतरायचा.

"ऊन वरून खाली जातं, पण फार सावकाश. या महिन्यातलं ऊन आज निघालं समज. काळ्या मातीतून वाट काढत जाणार. निम्म्या वाटेत त्याला वरून पाऊस गाठतो. पुढे गेलं की मागून थंडी येते. बारा फुटांवर पोचेपर्यंत त्यातलं ना ऊन ऊन राहतं, ना थंडी थंडी. सगळं एकमेकांत मुरून जातं. तिथे खाली उन्हाळा नाही, हिवाळा नाही, एकच एक ऋतू. वर काय चाललंय याचा तिथे पत्ताच नसतो."

शैलेंद्र मान हलवत होता. "वर्षाची सरासरी."

"सरासरी. आणि आपण उन्हाळाभर जो ताप मातीला देतो ना, तो ती ठेवून घेते. मेच्या अखेरीस जरा थकतेसुद्धा, पाणी कोमट यायला लागतं. पण जानेवारीत हाच पंप चालू कर, सगळं परत करते. भोपाळची थंडी तुम्ही अजून पाहिली नाही. सकाळी तळ्यावरून जे वारं सुटतं... तेव्हा या जाळीपुढे बसलं की पाठीवर कुणी हात ठेवल्यासारखं वाटतं."

"बाहेरच्या देशांत याच नळ्यांना एक कॉम्प्रेसर जोडतात," शैलेंद्र सायलीला सांगू लागला. "फ्रिजसारखाच. मग मागशील तेवढं गार, मागशील तेवढं गरम. अंघोळीचं पाणीसुद्धा. काकांनी तो नाही बसवला, त्यामुळे जमीन देईल तेवढंच मिळतं."

"जमीन देईल तेवढंच," भालचंद्रराव म्हणाले. "बरोब्बर बोललास. आणि आम्हाला तेवढंच हवं होतं."

सायली ऐकता ऐकता उठून जाळीसमोरच्या वेताच्या खुर्चीकडे वळली होती. खुर्चीत जांभळ्या खोळीची उशी होती, फुगीर, कुणी टेकलेलं नसावं अशी. ती बसणार, तोच भालचंद्रराव घाईने म्हणाले, "ती नको. तिचा पाय हलतो."

मंजूषा पन्ह्याचे पेले घेऊन बाहेर आली होती. खुर्चीचा पाय हलत नव्हता. तिने ट्रे टेबलावर ठेवला.

"काकूंची?" सायलीने हळूच विचारलं. भिंतीवर सुचेताबाईंचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार.

"तिचीच. तिच्यासाठीच तर हे सगळं." भालचंद्रराव सोफ्यावर टेकले. "दमा होता तिला. तुमच्या आईंसारखाच. हिवाळ्यात काही नाही, पावसाळा कसाबसा, पण उन्हाळा आला की हाल. भोपाळात उन्हाळ्यात कूलरशिवाय माणूस जगत नाही, आणि कूलर लावला की त्या ओल्या वाळ्याच्या वासाने तिची छाती भरायची. म्हणून एसी घेतला. एसीची ती कोरडी हवा घशाला लागली की रात्रभर खोकला. मग काय, ओला पंचा अंगावर टाकून मागच्या खोलीत पडून राहायची. मी कारखान्यात आयुष्यभर वाफ थंड करणाऱ्या नळ्यांची जंगलं उभी केली. एवढ्या मोठ्या टर्बाइनची वाफ थंड करतो मी, आणि घरात माझी बायको..."

मग एकदम खाकरून म्हणाले, "गल्ली हसली हो मला! अंगणात चर खणायला घेतला तेव्हा. फाटक आणि पायऱ्यांच्या मधे आडवा, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. समोरचा दुबे रोज दात घासत यायचा. 'हरकरे साहब, मेट्रो का स्टेशन यहीं बन रहा है क्या?' मी म्हटलं, हो, आणि तुमच्या संडासाखालून जाणार आहे लाइन. दोन दिवस झोपला नाही बिचारा."

शैलेंद्र मोकळा हसला.

"वरची काळी माती निघाली लोण्यासारखी. मग मुरूम. आणि मग खडक. असा खडक, की घण मारला की घणच विचारायचा, काय चुकलं माझं. काम थांबलं. मजूर लग्नसराईला गावी गेले. ब्रेकरवाला आज येतो, उद्या येतो. चर उघडाच." इथे भालचंद्ररावांनी पन्ह्याचा मोठा घोट घेतला. "पण झालं शेवटी. नळी जिलेबीसारखी वेटोळी करून खाली बसवली, तिच्याभोवती ओली वाळू भरली. काळी माती नाही भरायची हां, लक्षात ठेव. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, नळीचा हात सोडते. ज्या दिवसांत तिची खरी गरज, नेमकी त्याच दिवसांत सोडते."

"मग काकूंना," सायलीने विचारलं, आणि विचारताना ती पुढे सरकून बसली, "काकूंना फरक पडला का? म्हणजे खरंच पडला का? आईंना इथे आणायचं तर... आम्हाला तेवढंच कळायला हवंय, काका."

मंजूषा रिकामा ट्रे हातात घेऊन उभी होती. भालचंद्ररावांना तिची नजर आपल्या कानशिलावर जाणवली. त्यांनी फोटोकडे पाहिलं नाही, लेकीकडेही पाहिलं नाही. समोर या पोरीचा चेहरा होता, आणि तिच्या मागे, त्यांना मनात स्पष्ट दिसत होतं, टेप घेतलेला तो बिल्डर फाटकाशी उभा होता.

"फरक?" ते म्हणाले. "अहो, वैशाखात पांघरूण मागायची! याच खुर्चीत. हातात विणकाम. मी म्हणायचो, अगं, बाहेर कावळे सावली शोधताहेत आणि तू मोजे विणतेस? तर म्हणायची, तुम्ही पंख्याचा एक आकडा कमी करा, मग बोला."

सायलीच्या खांद्यांवरचा ताण उतरला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मंजूषा ट्रे घेऊन आत गेली, आणि आत भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

ऊन कललं तसं भालचंद्रराव त्यांना अंगण दाखवायला बाहेर घेऊन गेले. दार उघडताच गरम वाफेचा लोट तोंडावर आला आणि सायलीने पदर नाकाला लावला. मंजूषाही मागून आली. अंगणाच्या मधोमध, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत, पाऊलवाटेपुरती जागा सोडून मोगऱ्याचा एक लांब आडवा पट्टा होता. बाकी अंगणात काळ्या मातीला बोट जाईल अशा भेगा पडल्या होत्या. हा पट्टा तेवढा ओला, हिरवा, आणि कळ्यांनी भरलेला.

"इथे खाली आहे ते," भालचंद्रराव म्हणाले. "रोज संध्याकाळी याला पाणी. फुलांसाठी नाही, फुलं आपली हमाली म्हणून मिळतात. माती ओली राहिली की ताप नीट उतरतो. कोरडी पडली की वरून खाली काही पोचत नाही. एक दिवस चुकला तर चालतं. दोन नाही." त्यांनी नळाला लावलेला पाइप उचलला आणि शैलेंद्रच्या हातात दिला, जणू आजपासूनच सुरू. "आणि झाड लावायचं नाही या पट्ट्यावर. मुळं खाली जातात. आणि खणायचं तर मुळीच नाही."

"नाही खणणार, काका," शैलेंद्र म्हणाला.

"कधीच?"

"कधीच. मी तर म्हणतो पुढेमागे तो कॉम्प्रेसर बसवू आपण. तुम्ही या बघायला नागपूरहून." त्याने पाण्याची धार मोगऱ्यावर सोडली. ओल्या मातीचा वास उठला. "आम्हाला घर आवडलंय. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन येतो. ती एक दुपार इथे बसली की आपण पक्कं करू."

भालचंद्ररावांनी मान हलवली. मग उगाचच मोगऱ्याचं एक पिवळं पडलेलं पान तोडलं. काम झालं होतं. गप्प बसले असते तर तिथेच संपलं असतं. मंजूषानेही सुटकेचा निःश्वास टाकला होता आणि फाटकाची कडी काढायला ती पुढे झाली होती.

तेवढ्यात सायली म्हणाली, "काका, या फळ्या कसल्या?"

पेरूच्या झाडामागे, कुंपणाच्या भिंतीला दोन फळ्या उभ्या टेकवून ठेवलेल्या होत्या. सालवृक्षाच्या, जाड, माणसाच्या उंचीहून मोठ्या, उन्हापावसाने करड्या पडलेल्या. खाली विटा लावल्या होत्या, वाळवी लागू नये म्हणून. वरून प्लास्टिकचा एक तुकडा बांधलेला.

"कारखान्यातल्या. मशिनच्या पेटीच्या आहेत त्या," भालचंद्रराव म्हणाले.

"किती छान लाकूड आहे! शैलू, यांचा झोपाळा होईल बघ. व्हरांड्यात. आई दुपारी बसतील. काका, घराबरोबर या द्याल ना आम्हाला?"

"त्या नाही मिळायच्या."

हे इतकं पटकन आणि इतकं कोरडं आलं, की सायली ओशाळली. "सॉरी, मी सहज म्हटलं. नागपूरला नेणार असाल तर..."

"बाबा त्या कबाडीलाही देत नाहीत," मंजूषा म्हणाली. "जाऊ द्या, सायलीताई. चला, मी तुम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडते, ऑटो तिथेच मिळेल."

पण सायलीचा चेहरा पडला होता, आणि पाहुण्याचा पडलेला चेहरा भालचंद्ररावांना कधी बघवला नव्हता. शिवाय ती पोर पुढच्या आठवड्यात परत यायची होती, सासूला घेऊन. कोरड्या शब्दावर तिला कसं पाठवायचं? ते फळ्यांपाशी गेले. एका फळीवर तळहात ठेवला. लाकूड तापलेलं होतं, पण त्यांनी हात काढला नाही.

"रागावू नको, पोरी. या साध्या फळ्या नाहीत. तुझा विश्वास बसायचा नाही, पण या हळदीकुंकवाच्या फळ्या आहेत."

"हळदीकुंकवाच्या?"

"चैत्रगौरीचं हळदीकुंकू. सुचेता दर वर्षी करायची. इथे भोपाळात आपली माणसं थोडी, त्यामुळे एकेकीला आठवणीने बोलवायची. इंद्रपुरीतल्या सगळ्या, आणि तुलसी नगरातून तिच्या मैत्रिणी रिक्षा करून यायच्या. त्या वर्षीही तिने गौर मांडली. छोट्या पितळी झोपाळ्यात. आणि म्हणाली, बायका येणार कशा? तुम्ही तर माझ्या दारात खंदक खणून ठेवलाय! खरंच होतं. फाटक तिकडे, पायऱ्या इकडे, मधे चर. मग मी या दोन फळ्या आणल्या. आडव्या टाकल्या."

मंजूषाचा हात फाटकाच्या कडीवर थांबला.

"काय सांगू तो थाट! रेशमी साड्या नेसून बायका एकामागे एक, एकमेकींचे हात धरून, फळीवरून. दाणीवहिनी मधेच उभ्या राहिल्या, ना पुढे जात ना मागे. म्हणाल्या, भावजी, मी आता इथेच राहते, कुंकू इथेच पाठवा. आणि सुचेता पायऱ्यांवर उभी, हात पुढे केलेला. 'या, सावकाश या. एकेक पाऊल. खाली बघू नका.'" भालचंद्ररावांचा आवाज आता पाण्याच्या धारेसारखा एकसारखा वाहत होता. ते सायलीशी बोलत होते, पण त्यांचे डोळे मोगऱ्याच्या पट्ट्यावर होते. "हिरवी साडी होती. बोलताना एकदाही दम लागला नाही. आत आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. तिने प्रत्येकीची ओटी स्वतः भरली, एकदासुद्धा खोकली नाही. आणि घर इतकं गार, इतकं गार, की तुलसी नगरच्या बायका शाली मागायला लागल्या! चैत्रात! निघता निघेनात. म्हणाल्या, सुचेता, आम्ही आता दसऱ्यालाच घरी जातो. आणि ती हसत होती, त्या खुर्चीत बसून. छाती भरून श्वास घेत होती. असा. पूर्ण. आत जाऊन परत येणारा."

सायलीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं, आणि ती हसतही होती.

शैलेंद्र हातातला पाइप धरून उभा होता. पाणी एकाच जागी पडून तिथे डबकं साचलं होतं. तो चांगल्या मनाचा मुलगा होता, त्याला कुणाचं काही काढायचं नव्हतं. पण तो इंजिनियर होता, आणि ऐकता ऐकता त्याची नजर फळ्यांवरून पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून घराकडे गेली होती.

"पण काका," तो म्हणाला, "फळ्या टाकल्या म्हणजे चर उघडा होता. चर उघडा म्हणजे नळी अजून खाली गेली नव्हती. मग घर गार कशाने झालं?"

भालचंद्ररावांनी तोंड उघडलं. जन्मभर अशा प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर तयार असे, आणि ते आताही शोधत होते. भिश्ती होता, मोर होता, खडकातून निघालेला गार वारा होता. त्यांची बोटं फळीच्या कडेवरून पुढे गेली, मागे आली.

मंजूषा फाटकाकडून परत आली. तिने शैलेंद्रच्या हातातून पाइप घेतला, नळ बंद केला आणि वडिलांजवळ येऊन त्यांचा हात त्या तापलेल्या लाकडावरून हळूच उचलला.

"फळ्या हळदीकुंकवाला नव्हत्या टाकल्या, बाबा," ती म्हणाली. "आईला खांद्यावरून न्यायला टाकल्या होत्या."